संतोष भोईरचा उजवा खांदा

नाईक संतोष भोईर ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, बदलापूर पश्चिमेच्या पुरात बोटीतून पडला. गुरुवारी सापडला. त्याच मंगळवारी पहाटे त्याचा उजवा खांदा निखळला होता आणि परत बसवला होता. बोटीतल्या बाकी तिघांना हे माहीत होतं.

पूरमदतीला गेलेल्या आमच्या तुकडीचा मी रेडिओ ऑपरेटर होतो. बोटीत नव्हतो. जे मी पाहिलं किंवा रेडिओवर ऐकलं ते इथे तसंच लिहिलं आहे. बाकीचं कोणी सांगितलं, हे त्या त्या जागी दिलं आहे.

संतोष अंबरनाथजवळच्या पालेगावचा. मी बदलापूर पूर्वेच्या शिरगावचा. एकाच कंपनीत आम्ही दोघेच या पट्ट्यातले, त्यामुळे सुट्टी शक्यतो बरोबर टाकायचो. त्याच्या घरच्यांची शेती होती. ती गेली आणि तिथे टॉवर उभे राहिले. थोरला भाऊ दिलीप रेती, खडी आणि विटांचा सप्लाय करत होता. संतोषची बायको वैशाली आणि मुलगी तन्वी त्याच घरात राहत होत्या. तन्वी तेव्हा पहिलीत होती.

खांदा पहिल्यांदा निखळला तो युनिटच्या कबड्डी सामन्यात. संतोष चांगला रेडर होता. पकडीतून सुटताना त्याचा हात मागे ओढला गेला. तो मैदानाबाहेर गेला, शिपाई पवारने हात ओढून धरला, खांदा आत गेला, आणि संतोष परत मैदानात आला. आमची कंपनी जिंकली. सुभेदार मेजर साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. म्हणाले, "देखो. इसको कहते हैं जवान."

त्यानंतर खांदा बाहेर येतच राहिला. कधी दोन महिन्यांनी, कधी आठवड्यात दोनदा. तो बसवायची पद्धत संतोषने स्वतःच शोधली होती. खाटेवर पालथं पडायचं, उजवा हात खाली लोंबता सोडायचा आणि हातात अर्धा भरलेला पाण्याचा जेरीकॅन धरायचा. थोड्या वेळाने स्नायू थकतात आणि हाड जागेवर जातं. हे चालू असताना बॅरेकमधली मंडळी पत्ते खेळत असायची. कोणीतरी विचारायचं, "बसली का बिजागरी?" तेच त्याचं नाव पडलं. सुट्टीवरून आला की लोक म्हणत, "बिजागरी, तेलपाणी करून आलास ना?" तो हसायचा.

कंपनीत खांद्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. डॉक्टरांना नव्हती.

याचं कारण सांगायला हवं. युनिटच्या दवाखान्याला एमआय रूम म्हणतात. तिथे आजारी म्हणून नाव देणं हा प्रत्येक जवानाचा हक्क आहे. आमच्या बॅरेकमध्ये जो नाव द्यायचा तो 'एमआय रूमचा जावई' व्हायचा. तो परत आला की त्याचं स्वागत व्हायचं. डोक्याला टॉवेलचा फेटा, गळ्यात ओआरएसच्या पाकिटांची माळ, बसायला उलटी बादली. जेवणाचं ताट त्याच्यासमोर धरून दोघं-तिघं म्हणायचे, "घ्या जावईबापू, लाजू नका." एकदा ताप आलेल्या एका शिपायाला असं तासभर बसवून ठेवलं होतं. संध्याकाळी कळलं की त्याला मलेरिया होता. त्या दिवशी ओवाळायला टॉर्च संतोषच्या हातात होता.

दुसरं कारण बढतीचं. संतोषने हवालदारीची परीक्षा, म्हणजे कॅडर, पास केली होती. मेडिकल बाकी होती. बढतीसाठी जवान पूर्ण तंदुरुस्त असावा लागतो. त्याला शेप-वन म्हणतात. खालची श्रेणी मिळाली की तो एलएमसी, लो मेडिकल कॅटेगरी. एलएमसी जवानाला हलकी ड्यूटी मिळते, बढती थांबते आणि तो लवकर घरी जातो. आमच्या कंपनीत एलएमसी हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. संतोषची मेडिकल पुरानंतरच्या आठवड्यात होती. तो म्हणायचा, "एवढा एक दिवस खांदा जागेवर राहू दे. मग हवालदार म्हणून जाऊन दाखवतो डॉक्टरला."

त्याआधीच्या मे महिन्यात आम्ही सुट्टीवर होतो. संतोषने मला उल्हासनगर कॅम्प दोनला बोलावलं. तिथे सर्जिकल सामानाचं एक छोटं दुकान आहे. त्याला खांद्याचा पट्टा हवा होता. युनिटच्या डॉक्टरकडे मागता येत नव्हता आणि अंबरनाथमध्ये घेतला तर ओळखीचं कोणीतरी बघेल, म्हणून कॅम्प दोन. दुकानदार वयस्कर सिंधी गृहस्थ होते. त्यांनी संतोषचे केस आणि बूट पाहिले.

"किसके लिए चाहिए?"

"भाई के लिए."

"भाई को लेके आओ. नाप लगता है."

"मेरे जितना ही है."

दुकानदारांनी त्याच्या छातीला टेप लावला. उजवा हात वर करायला सांगितला. हात कानापर्यंत गेला नाही. "भाई को बोलो ऑपरेशन करा ले, साईं," ते म्हणाले. "पट्टे से दर्द छुपता है, हड्डी नहीं रुकती."

बाहेर आल्यावर संतोष म्हणाला, "म्हाताऱ्याने ओळखलं."

मी म्हणालो, "ऑपरेशन कर."

"सहा महिने एलएमसी. मग हवालदार कोण, तू?"

तिथून आम्ही पालेगावला गेलो. दिलीप ओट्यावर फोनवर बोलत होता. फोन ठेवून त्याने पट्ट्याचं खोकं हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"हे काय? बाळंतिणीचा पट्टा?" तो म्हणाला. माझ्याकडे वळला. "आमचा संतोष लहानपणापासून असाच. आईने टाकून बोललं का डोल्यात पानी. भरतीला गेला तवा पन रडत गेला. मना वाटला, फौज सुधरवेल."

वैशाली दारात उभी होती. ती म्हणाली, "दादा, त्यांना रात्री झोप लागत नाय. कुशीवर वळले तरी हात सुटतो."

"मग वळू नको बोल त्याला." दिलीप हसला. "बघ वैशाली, दुखणं ज्याला दाखवलं तो त्याच्यावर पाय ठेवतो. धंद्यात मी कवा बोललो का माझा हात तंग हाय? चार दिवस उपाशी राहीन, पन पार्टीला बिर्याणी घालीन. कमजोर मानसाला उधार पन कोन देत नाय."

जमिनीच्या पैशांतून दिलीपने दोन डंपर घेतले होते. त्या पैशांत संतोषचाही वाटा होता. त्याने तो मागितला नव्हता. मी घरी निघालो तेव्हा दिलीप मला सोडायला नाक्यापर्यंत आला. म्हणाला, "वाटा मागायला पन छाती लागते. त्याने मागितला असता तर दिला असता मी."

वैशालीने त्या सुट्टीत संतोषला दोनदा डॉक्टरकडे नेण्याचा प्रयत्न केला, हे मला नंतर तिच्याकडूनच कळलं. एकदा रिक्षा दारात आली होती. तो बसला नाही. सुट्टी संपताना त्याने पट्टा कपाटात ठेवला. पीटीला बनियनवर उभं राहावं लागतं, त्यात पट्टा दिसला असता.

पुराचा हुकूम सोमवारी संध्याकाळी आला. दोन बोटी, मोटारी, दोर, लाइफ जॅकेट आणि वायरलेस सेट घेऊन एक कॉलम बदलापूरला जाणार होता. कॉलम म्हणजे मदतीला निघालेली तुकडी. कमांडर कॅप्टन मेहरा होते. वय सव्वीसच्या आसपास, युनिटमध्ये नवे. त्यांनी भाग माहीत असलेले जवान मागितले. माझं आणि संतोषचं नाव पुढे आलं.

निघण्यापूर्वी फॉल-इन झालं. कॅप्टन साहेबांनी कामाची माहिती दिली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"किसी को कोई तकलीफ? कोई अनफिट?"

"नहीं साहब," रांगेने एका आवाजात उत्तर दिलं. या प्रश्नाला दुसरं उत्तर आलेलं मी पूर्ण नोकरीत ऐकलं नाही.

पहाटे बदलापुरात पोहोचलो. उल्हास नदीचं पाणी पश्चिमेच्या वस्तीत शिरलेलं होतं. स्टेशनच्या बाजूला उंचावर एका शाळेच्या पटांगणात आमचा तळ होता. ट्रकमधून बोटीची मोटार उतरवताना संतोषचा खांदा निखळला. मी तेव्हा शाळेच्या गच्चीवर अँटेना लावत होतो. पुढचं मला पवारने सांगितलं. संतोष ट्रकच्या मागे गेला आणि उघड्या फाळक्यावर पालथा झोपला. पवारने जेरीकॅन आणून त्याच्या हातात दिला. खांदा लवकर बसेना. बोट दोनचा प्रमुख हवालदार जाधव तिथे आला. जाधव सातारकडचा, कामात पक्का, आवाज मोठा.

"काय रे बिजागरी, आजच मुहूर्त सापडला?"

"झालं उस्ताद. बसतोय."

"एक काम कर. कॅप्टन साहेबांना जाऊन सांग, माझ्या खांद्यात दुखतंय, मी शाळेत बसतो आणि भात शिजवतो."

थोड्या वेळाने खांदा आत गेला. पवारने क्रेप बँडेजने तो बांधला आणि वरून शर्ट चढवला. लाइफ जॅकेटच्या उजव्या भोकातून मात्र हात जाईना. हात मागे नेला की खांदा सरकत होता. शेवटी त्याने जॅकेट डाव्या हातात घातलं, उजव्या खांद्यावर नुसतं टाकलं आणि पुढचे बंद सैल बांधले. जाधवने ते पाहिलं. मोटार चालवणाऱ्या लान्स नाईक साळवीनेही पाहिलं.

बोटी निघण्याआधी दिलीप आला. पालेगावात पूर नव्हता. त्याने जवानांसाठी वडापाव आणले होते, बरोबर चार पोरं आणि फोटो काढणारा एक जण होता. त्याने कॅप्टन साहेबांशी हात मिळवला. मग संतोषकडे गेला. मी तेव्हा खाली आलो होतो, त्यामुळे हे मी ऐकलं.

"जॅकेट असा का घातलास? लग्नातल्या शालीसारखा?"

"खांदा गेला होता पहाटे. बसवला."

"कोनाला बोललास?"

"नाय."

"बोलू पन नको. सगला बदलापूर बघतंय. माझ्या वलखीचे लोक हाईत इथं. भोईरांचा पोरगा बोटीत पुढं दिसला पायजे."

फोटो काढला गेला. त्यात संतोष डावीकडून दुसरा आहे.

साडेसातला काम सुरू झालं. बोट एक नदीच्या बाजूच्या बंगल्यांकडे गेली, बोट दोन स्टेशनकडच्या गल्ल्यांमध्ये. त्या गल्ल्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला पाण्यात होता. लोक पहिल्या मजल्यावर अडकलेले होते. बोट खिडकीखाली न्यायची, पुढच्या जवानाने ग्रिल पकडून बोट स्थिर धरायची, बाकीच्यांनी माणसं उतरवून घ्यायची, अशी पद्धत होती. नियमाप्रमाणे पुढचा दोर ग्रिलला बांधायला हवा. बांधायला आणि सोडायला वेळ लागतो. जाधवने पहिल्या फेरीपासून दोर बांधला नाही. हाताने धरलं तर काम लवकर होत होतं. बोट दोनने तीन फेऱ्यांत बोट एकपेक्षा जास्त माणसं आणली. कॅप्टन साहेबांनी रेडिओवर शाबासकी दिली. ती मीच पोचवली.

पुढच्या जवानाची जागा संतोषची होती. तीन फेऱ्या त्याने डाव्या हाताने ग्रिल धरलं. चौथ्या फेरीत बोट एका अरुंद गल्लीत गेली. खिडकी उजव्या बाजूला आणि उंच होती. आत एक वयस्कर जोडपं होतं. पुढचं मला साळवीने निवृत्तीनंतर, त्याच्या घरी बसून सांगितलं.

पवार म्हणाला, "उस्ताद, इथे मी पुढे जातो."

"का? त्याला काय झालंय?" जाधवने संतोषकडे पाहिलं. "काय रे, झालंय का काही?"

"नाही उस्ताद."

"मग उजव्याने धर. डाव्याने आजीला घे. दोन हात आहेत ना?"

संतोषने उजवा हात वर केला. त्यासाठी त्याला बोटीच्या काठावर गुडघा टेकून उठावं लागलं. त्याने ग्रिल पकडलं. आजी खिडकीतून बाहेर यायला तयार नव्हत्या. त्यांना देवघरातला बाळकृष्ण बरोबर हवा होता आणि आजोबा तो शोधत होते. बोट तशीच उभी राहिली. मग गल्लीच्या टोकाची कंपाउंडची भिंत पडली आणि पाणी एकदम जोरात आत आलं. बोटीची मागची बाजू वळली. पूर्ण बोटीचा भार त्याच्या उजव्या हातावर आला.

"आवाज वगैरे काही आला नाही," साळवी म्हणाला. "हात नुसता सैल झाला. दोरी सुटावी तसा."

संतोष भिंत आणि बोट यांच्या मध्ये पडला. एकदा वर आला. "हात, हात," असं ओरडला. पवारने त्याचं जॅकेट पकडलं. जॅकेट पवारच्या हातात आलं. आत माणूस नव्हता.

मी शाळेच्या व्हरांड्यात सेटवर होतो. कॅप्टन साहेब माझ्या शेजारी उभे होते.

"कंट्रोल, बोट दो. ओव्हर."

"बोट दो, कंट्रोल. बोलो. ओव्हर."

"एक आदमी पानी में गिरा. ओव्हर."

"सिव्हिल या अपना? ओव्हर."

"अपना."

"नाम बताओ. ओव्हर."

सेटवर मोटारीचा आवाज येत राहिला. मग जाधवचा आवाज आला.

"बिजागरी."

"कौन?" कॅप्टन साहेबांनी मला विचारलं.

"नाईक संतोष भोईर, सर."

"ये बिजागरी क्या है?"

"कंपनी में बोलते हैं, सर."

त्यांनी पुढे विचारलं नाही. बोट एकला त्या गल्लीकडे वळवण्याचा हुकूम दिला. मी तो पाठवला. बोट एकने दुपारपर्यंत शोध घेतला. बोट दोनने त्या जोडप्याला सुखरूप आणलं. आजींच्या हातात बाळकृष्ण होता.

पालेगावात बातमी दिलीपने नेली. तो अजून पटांगणातच होता.

गुरुवारी सकाळी संतोष खालच्या अंगाला, उल्हासनगरच्या बाजूला, नदीकाठच्या झुडपात सापडला. ओळख पटवायला मी, जाधव आणि दिलीप गेलो. उजवा हात खांद्यापासून वेगळ्याच कोनात होता. सरकारी डॉक्टरांनी तशी नोंद केली. क्रेप बँडेज अंगावर नव्हतं.

पालेगावात लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. गर्दी मोठी होती. दिलीपने नाक्यापासून घरापर्यंत फ्लेक्स लावले होते. त्यावर संतोषच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो जास्त होते. सलामीच्या वेळी वैशाली रडली नाही. दोन बायका मागे बोलत होत्या, ते मी ऐकलं. एक म्हणाली, "बघ, डोल्यात टिपूस नाय." तन्वी मोठ्याने रडत होती. तिला दिलीप म्हणाला, "फौजीची पोरगी हायस तू. रडायचा नाय."

चौकशी पुढच्या महिन्यात झाली. तिला कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणतात. आदल्या दिवशी जाधवने पवार, साळवी आणि मला कँटीनच्या मागे बोलावलं.

"खांद्याचं नाव कोणी काढायचं नाही," तो म्हणाला. "दुखणं लपवून ड्यूटीवर आला असं निघालं तर चूक त्याची ठरेल. वहिनीची पेन्शन अडकेल."

पवारने विचारलं, "मग हात सुटला कसा म्हणून सांगायचं?"

"पाण्याचा जोर."

"आणि जॅकेट?"

जाधव बॅरेककडे निघाला.

चौकशीत मला फक्त रेडिओच्या संदेशांबद्दल विचारण्यात आलं. त्यांची उत्तरं मी दिली. बाकी तिघांना खांद्याबद्दल विचारलं गेलं, कारण डॉक्टरांची नोंद समोर होती. तिघांनीही सांगितलं की खांदा ठीक होता. मग खांद्याची दुखापत प्रवाहात आपटून झाली असं धरलं गेलं. राहिला प्रश्न जॅकेटचा. शाबूत असलेलं, बंद सुटलेलं, रिकामं जॅकेट वर कसं आलं. खिडकीतल्या आजोबांची साक्ष झाली. त्यांनी खरं तेच सांगितलं. जवान ओरडला आणि मग त्याच्या अंगातून जॅकेट निघालं.

निष्कर्ष असा निघाला की नाईक भोईर प्रवाहाचा जोर पाहून घाबरला, त्याची पकड सुटली आणि पाण्यात धडपडताना त्याने स्वतःच जॅकेट सोडलं. मृत्यू ड्यूटीवर असताना झाला हे मान्य करण्यात आलं. पेन्शन मंजूर झाली.

निष्कर्ष कळवायला जाधव आणि मी पालेगावला गेलो. जाधवने तो तोंडी सांगितला. वैशाली चहा घेऊन आली होती. ती ट्रे हातात धरून उभी राहिली.

"घाबरले?" ती म्हणाली.

"कागदावर तसं आहे, वहिनी. त्याने काही फरक पडत नाही. पैसे सगळे मिळणार."

"आणि खांदा?"

"खांदा एकदम ठीक होता, वहिनी."

तिने कपाटातून पट्टा आणला आणि जाधवच्या समोर टीपॉयवर ठेवला. जाधवने चहा संपवला. दिलीप म्हणाला, "वैशाली, उचल ते. पावने आलेत."

काही वर्षांनी मी निवृत्त झालो. उल्हासनगरच्या एका सायंदैनिकात कामाला लागलो. तिथे असताना रेकॉर्ड ऑफिसमधून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या सुभेदारांना मी विचारलं की खांद्याचं खरं सांगितलं असतं तर पेन्शन अडली असती का. ते म्हणाले, पूरमदतीच्या हुकमावर असताना मेला ना, मग नाही. खांदा असो नाहीतर गुडघा. मी हे जाधवला फोनवर सांगितलं. तो तेव्हा निवृत्त होऊन पालेगावातल्याच एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर होता. तो म्हणाला, "आता काय त्याचं." मग म्हणाला, "गेटवर गाडी आलीय, ठेवतो." त्या पहाटेचं मला जे माहीत होतं ते मी वैशालीलाही सांगितलं.

पालेगावात दरवर्षी संतोषचा स्मृतिदिन होतो. आयोजक दिलीप. त्याने आता निवडणुकीची तयारी सुरू केली आहे. भावाच्या नावाने त्याने भरतीपूर्व प्रशिक्षणाचा वर्गही काढला आहे. मुलं पहाटे टॉवरांमागच्या रस्त्यावर धावतात. जो मागे पडतो किंवा पाय दुखतो म्हणून बसतो, त्याच्या गळ्यात ओआरएसच्या पाकिटांची माळ घालतात. ही पद्धत तिथे जाधवने आणली. सकाळच्या शिफ्टआधी तो त्या वर्गाला शिकवतो.

यंदाच्या कार्यक्रमाला मी हजर होतो. मंडप घातला होता. समोर सतरंजीवर वर्गाची मुलं बसली होती. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर जाधव आणि पवार होते. पवार आता मुरबाडला असतो, तो मुद्दाम आला होता. साळवी आला नाही. त्याने फोन उचलला नाही. मी पत्रकारांच्या बाकावर होतो.

दिलीप बोलायला उभा राहिला.

"मी सभेत कधी खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "माझा भाऊ शहीद झाला, मला अभिमान आहे. पण तो घाबरला. एक क्षण घाबरला. चौकशीत तसं आलं आहे, मी लपवत नाही. तो घाबरला नसता तर आज इथे बसला असता. म्हणून पोरांनो, मन घट्ट करा. शरीर कमजोर असलं तर चालेल, मन कमजोर नको."

टाळ्या झाल्या.

मग वैशालीला शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. तन्वी आता उंचीने तिच्या खांद्याला लागते. निवेदकाने वैशालीपुढे माईक धरला आणि म्हणाला, "वहिनी, दोन शब्द. धन्यवाद म्हटलं तरी चालेल."

वैशालीने माईक हातात घेतला.

"त्यांचा खांदा निखळलेला होता," ती म्हणाली. "त्या दिवशी पहाटे. हे दिलीपदादांना माहीत होतं. समोर बसलेत त्या जाधवसाहेबांना माहीत होतं, पवारसाहेबांना माहीत होतं. ते घाबरले नव्हते. त्यांना विचारा."

मुलं जाधवकडे पाहू लागली. पवारने खुर्चीवर हात टेकला आणि थोडा उठला. जाधवने त्याच्याकडे न पाहता त्याच्या मांडीवर हात ठेवला. पवार परत बसला.

दिलीपने वैशालीच्या हातातून माईक घेतला.

"समजून घ्या," तो म्हणाला. "बाईमाणूस आहे. दुःखात माणूस हळवा होतो, काहीही बोलतो. आपण मोठ्या मनाने घ्यायचं." मग निवेदकाला म्हणाला, "राष्ट्रगीत लाव."

राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उभे राहिले. वैशाली शाल आणि नारळ हातात घेऊन उभी होती. जाधव आणि पवार सावधान उभे होते.

कार्यक्रम साडेअकराला संपला.